शेजाऱ्याची तहान ओळखताना: विश्वास सांगू लागणाऱ्यांसाठी

बाप्तिस्मा झाला, रविवारच्या उपासनेला येणे नियमित झाले, की थोड्याच दिवसांत पाळकसाहेब साक्ष देण्याविषयी बोलू लागतात आणि मंडळीतला नवा सभासद गोंधळून जातो. कामावर, सोसायटीत, अभ्यासिकेत ज्यांच्याबरोबर त्याचा दिवस जातो, त्यांच्याशी प्रभू येशूविषयी बोलायचे म्हणजे नेमके काय करायचे, सुरुवात कोठून करायची आणि समोरच्याला राग आला तर काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मी पुण्यात अनेक वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या मराठी मंडळीत भेटीगाठींचे काम करते. नव्या लोकांना मी जे सांगते, ते येथे क्रमाने लिहीत आहे. या क्रमात प्रत्यक्ष बोलणे बरेच उशिरा येते आणि ते मी जाणूनबुजून तसे ठेवले आहे, कारण आमच्या हातून झालेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे झाल्या आहेत.

बोलण्याआधीचे काही आठवडे

मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे आणि एका निवांत दुपारी ते सलग वाचून होते. ते या कामाच्या दृष्टीने एकदा पुन्हा वाचा आणि वाचताना येशूने लोकांना कोणकोणते प्रश्न विचारले, तेवढेच वहीत उतरवून घ्या. दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी त्याला हाका मारतो. तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते, तरीही येशू त्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे असे तुला वाटते? समोरच्याची गरज आपल्याला दिसली असे वाटले, तरी ती त्याच्याच तोंडून ऐकायची असते, ही या कामातली पहिली शिकवण मला या प्रसंगात सापडते.

त्यानंतर तुमच्या आयुष्यात आधीपासूनच असलेल्या तीन माणसांची नावे मनाशी ठरवा. अनोळखी माणसे शोधत फिरू नका. रोज लिफ्टमध्ये भेटणारे आजोबा, कार्यालयातली शेजारच्या टेबलावरची सहकारी, मेसमध्ये समोर जेवायला बसणारा मुलगा, अशी माणसे पुरेशी आहेत. त्यांच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा आणि तीत त्यांच्या मुलाची परीक्षा, त्यांची गुडघेदुखी, त्यांचे थकलेले घरभाडे हे सारे येऊ द्या. केवळ त्यांचे मन वळावे अशीच प्रार्थना करत राहिलात, तर काही दिवसांनी तुम्ही त्या माणसाकडे एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या कामासारखे पाहू लागाल आणि ते त्याला तुमच्या डोळ्यांत दिसेल.

तहान कशी दिसते

आध्यात्मिक गरज म्हणजे समोरच्याकडे धर्म नसणे, असा समज पुण्यासारख्या शहरात तर पहिल्याच दिवशी टाकून दिला पाहिजे. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा त्या दोन पेठांतून एकदा चालून या. पायांना फोड आलेले, पावसात भिजलेले वारकरी ज्या आनंदाने अभंग म्हणत असतात, तो पाहिल्यावर या लोकांना देवाची ओढ आपण शिकवायची आहे, असे कोणी म्हणणार नाही. तुमचा शेजारी वारकरी असेल, तर वारी त्याला काय देते हे त्याला विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका.

गरज बहुधा आडून बोलते. "माझ्या आत्म्याला शांती हवी आहे" असे कोणी म्हणत नाही. लोक म्हणतात की हल्ली कशातच मन लागत नाही; किंवा, सगळे आहे हो, पण झोप येत नाही; किंवा, आता कोणासाठी जगायचे? या वाक्यांमागे वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या ओळखता येणे हेच खरे शिकण्यासारखे आहे. "देवाने माझेच असे का केले?" असे विचारणाऱ्याच्या मनात दुःखाइतकाच राग असतो आणि त्याला तो राग बोलून दाखवायला कोणीतरी हवे असते. "माझ्या हातून एक फार मोठी चूक झाली आहे" असे म्हणून जो विषय बदलतो, तो अपराधाचे ओझे वाहत असतो. त्याला क्षमेची गरज आहे, पण चूक सांगितल्यावर आपली किंमत कमी होणार नाही, अशी खात्री त्याला आधी हवी असते. आजारी माणूस वारंवार मुलांच्या लग्नाचे आणि घराच्या कागदपत्रांचे बोलू लागला, तर पुष्कळदा तो मरणाविषयी बोलत असतो.

सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले राहतात. बीड, लातूर, परभणीकडून आलेला मुलगा चार वर्षे अभ्यासिकेत बसतो, कधी मुख्य परीक्षेपर्यंत तर कधी मुलाखतीपर्यंत पोहोचतो, थोडक्यात राहतो आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. गावी फोन करणे तो टाळू लागतो. त्याची अडचण पैशांची असते हे खरे, परंतु त्याहून खोल असा एक प्रश्न त्याला छळत असतो, तो म्हणजे यादीत नाव आले नाही तर मी कोण आहे? कोथरूडच्या प्रशस्त घरात एकटे राहणारे, परदेशातल्या मुलाच्या व्हिडिओ कॉलची वाट पाहणारे आजी-आजोबा, हिंजवडीहून रात्री दहाला परतून झोपलेल्या मुलाचेच तोंड पाहणारा बाप, ससून रुग्णालयाच्या व्हरांड्यात चटई टाकून आठवडाभर बसलेले बाहेरगावचे नातेवाईक, या सर्वांचे प्रश्न सारखे नाहीत आणि त्यांच्यासाठी एकच ठरावीक वाक्य तयार ठेवणे हा त्यांचा अनादर आहे.

कृतज्ञता हीदेखील एक आध्यात्मिक गरज आहे, हे आपल्या लोकांच्या लक्षात फारसे येत नाही. नातू झाला म्हणून कोणी पेढे घेऊन दारात येतो, तेव्हा त्याचे मन काठोकाठ भरलेले असते आणि ते कोणापुढे तरी रिते करायचे असते. अशा वेळी पेढा तोंडात टाकून अभिनंदन म्हणत दार लावू नका. त्याला आत बोलवा, बाळाचे वजन विचारा, आई कशी आहे ते विचारा. दुःखातच माणसाला देव आठवतो असे धरून चालणारे कार्यकर्ते केवळ दुःखी घरांच्याच पायऱ्या चढतात आणि लोक त्यांना हळूहळू अपशकुनी मानू लागतात.

दुःखाच्या घरी जाण्याची वेळही नीट निवडावी. मृत्यूनंतरचे पहिले दिवस घर माणसांनी भरलेले असते. दहाव्याला आणि तेराव्याला तर पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर नातेवाईक आपापल्या गावी जातात आणि त्या घरात पहिल्यांदाच शांतता पसरते. तुम्ही पंधराव्या किंवा विसाव्या दिवशी जा, आणि नंतर पुन्हा महिन्याने जा. वर्षश्राद्धाची तारीख वहीत टिपून ठेवा आणि त्या दिवशी निदान फोन करा.

ऐकून घेणे

माझी स्वतःची एक चूक येथे सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीला असताना आमच्या कक्षात एक बाई वारल्या. त्यांचे पती बाकावर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन, परमेश्वराच्या प्रत्येक गोष्टीमागे योजना असते, अशा अर्थाचे काही बोलले आणि माझ्या मनात त्या वेळी खरोखरच कळवळा होता. त्यांनी माझे बोलणे संपेपर्यंत वाट पाहिली आणि हात जोडून म्हणाले, "सिस्टर, तिची बांगडी तेवढी शोधून द्या." दाखल करताना काढून ठेवलेली काचेची हिरवी बांगडी कपाटातून गहाळ झाली होती आणि ते संध्याकाळपासून ती शोधत होते. मी तीन वेळा त्यांच्यासमोरून गेले होते, पण त्यांना काय हवे आहे, हे विचारले नव्हते. बांगडी नंतर गादीच्या खाली सापडली. ती त्यांच्या हातात ठेवल्यावर ते पहिल्यांदा रडले आणि मग पहाटेपर्यंत पत्नीविषयी बोलत राहिले. त्या बोलण्यात देवाचा विषय त्यांनीच काढला.

ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले तेव्हा त्याची दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या हातून ज्या चुका झाल्या त्या आठव्या दिवशी तोंड उघडल्यानंतर झाल्या. नव्या सभासदांनी पहिल्या काही भेटींत पवित्र शास्त्राचे वचन सांगायचे नाही, असा नियम मी त्यांना घालून देते. त्यांना तो अवघड जातो, तरी मी त्यात सूट देत नाही. ऐकताना छोटे प्रश्न विचारावेत: मग तुम्ही काय केलेत? त्या वेळी तुमच्याबरोबर कोण होते? आता सगळ्यात जड काय जाते? "का?" हा प्रश्न शक्यतो टाळावा, कारण त्यात जाब विचारल्याचा सूर असतो. समोरचा थांबला तर तुम्हीही थांबा. माझ्याही बाबतीत असेच झाले होते, हे वाक्य ओठांवर आले तरी ते पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेवा.

काही गोष्टी ऐकल्यावर मात्र केवळ ऐकत राहणे पुरेसे नसते. कोणी जीव देण्याविषयी बोलत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, अनेक दिवस जेवत किंवा झोपत नसेल, तर त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे. नैराश्यावर औषध घेणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे कोणी मंडळीत म्हणत असेल, तर ते चूक आहे, हे तुम्ही ठामपणे सांगा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि उठवून पुन्हा जेवायला घातले.

चहा, प्रसाद आणि हातभार

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी स्त्रीशी बोलतो, तेव्हा सुरुवात तिच्याकडे पाणी मागण्याने करतो. यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत, त्यामुळे त्या मागण्याचा अर्थ तिला ताबडतोब कळला. पुणेकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० मध्ये चहा घेतल्याच्या कारणावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचे प्रकरण, ओढवले होते. कोण कोणाच्या हातचे घेतो, याला आपल्याकडे फार मोठा अर्थ आहे. म्हणून आपण काही देण्याआधी शेजाऱ्याकडून घ्यायला शिका. त्याच्या घरचा चहा घ्या, त्याच्याकडून साखर उसनी आणा, बँकेचा अर्ज कसा भरायचा ते त्याला विचारा. जो नेहमी देण्याच्याच भूमिकेत असतो, त्याच्याजवळ माणसे मन मोकळे करत नाहीत.

गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या पूजेनंतर प्रसाद पुढे केला जातो, तेव्हा काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक नवा सभासद विचारतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय याच प्रकारच्या प्रश्नांवर आहे आणि त्यांच्या वाचनानंतरही आमच्या मंडळीतली माणसे वेगवेगळ्या निर्णयांना आलेली आहेत. तुमचा निर्णय पाळकसाहेबांशी बोलून आधीच ठरवून ठेवा, म्हणजे दारात उभे राहून गोंधळ होणार नाही. घ्यायचा नसेल, तर "आमच्या विश्वासामुळे मी प्रसाद घेत नाही, पण तुमच्या आनंदात मी आहे, मला चहा चालेल" असे दोन्ही हात जोडून सांगा आणि चहा पिऊनच निघा. घेऊन नंतर फेकून देणे मात्र कधीही करू नका.

मदतीच्या बाबतीत मी फार कडक आहे. डबा द्या, रक्त द्या, रुग्णालयात रात्री थांबा, मुलाला गणित शिकवा, पण त्या मदतीला विश्वासाची कोणतीही अट किंवा अपेक्षा जोडू नका, आणि मदतीच्या त्याच भेटीत विश्वासाविषयी स्वतःहून बोलूही नका. भुकेल्या माणसाला होकार देणे सोपे वाटते आणि नकार देण्याचे स्वातंत्र्य त्याला उरत नाही. हाच नियम नोकरीलाही लागू आहे. परिचारिका, शिक्षक, वरिष्ठ अधिकारी, घरमालक यांच्या हाती समोरच्याचे काही ना काही असते, म्हणून त्या नात्यात त्यांनी स्वतःहून हा विषय काढू नये. समोरच्याने विचारले तर थोडक्यात उत्तर द्यावे आणि पुढचे बोलणे नोकरीच्या वेळेबाहेर ठेवावे. लहान मुलांशी त्यांच्या आईवडिलांना माहीत नसताना विश्वासाविषयी बोलूच नये.

या शहराला या बाबतीत मोठी स्मृती आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आणले आणि तेथे धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नसेल असे आश्वासन दिले होते. त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून शहरात वादळ उठले, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुलींना काढून नेले. रमाबाईंचे मन शुद्ध होते असे मी मानते, आणि पुढे केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनच्या कामापुढे मी नतमस्तक आहे. तरीही पालकांची काळजी निराधार होती असे मला म्हणवत नाही. ज्या घराशी आपला संबंध येतो, त्या घराला आपण कोण आहोत आणि काय मानतो हे सुरुवातीपासून उघडपणे माहीत असले पाहिजे.

प्रार्थना करू का, असे विचारणे

काही भेटींनंतर, समोरच्याने मन उघडले असेल, तर एक साधा प्रश्न विचारता येतो: "मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" बहुतेक लोक हो म्हणतात, कारण आपल्या मातीत कोणी आपल्यासाठी देवाकडे काही मागावे याचे कोणाला वावडे नाही. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारा: घरी जाऊन करू, की आत्ता येथेच? येथेच म्हणाले, तर प्रार्थना दोन मिनिटांहून लांबवू नका. रोजच्या मराठीत, खालच्या आवाजात, त्यांनी सांगितलेल्या गोष्टींची नावे घेऊन करा आणि तीत उपदेश मिसळू नका. परवानगीशिवाय डोक्यावर हात ठेवू नका. स्त्रीच्या घरी एकट्या पुरुषाने जाऊ नये, दोघांनी जावे. रुग्णालयात भेटीची वेळ पाळा, सिस्टरांना विचारा आणि ज्याने बोलावले आहे त्याच्याच खाटेपाशी जा.

बरे होण्याचे वचन देऊ नका. देव बरे करू शकतो हा माझा विश्वास आहे आणि तशी मागणी मी स्वतः करते, पण औषध बंद करा, विश्वास ठेवला तर अमुक दिवसांत बरे व्हाल, असे बोलणे हा अपराध आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

साक्ष

तुम्ही असे का वागता, एवढी शांती कोठून येते, तुम्ही रविवारी कोठे जाता, असे काही समोरच्याने विचारले, की तुमची बोलण्याची वेळ आली. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय सांगतो की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार असावे, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावे. ही तयारी आधी घरी करा. आपण आधी कसे होतो, येशू आपल्याला कसा भेटला आणि त्यानंतर काय बदलले आणि काय अजून बदललेले नाही, हे तीन ते चार मिनिटांत सांगता येईल असे लिहून काढा आणि कोणाला तरी वाचून दाखवा. जे बदललेले नाही ते गाळू नका. मी अजूनही लवकर चिडते, हे मी सांगते, आणि त्यामुळे लोक माझ्या बाकीच्या बोलण्यावर अधिक विश्वास ठेवतात.

भाषेकडे फार लक्ष द्यावे लागते. मंडळीत रुळलेले कितीतरी शब्द बाहेरच्या माणसाला निराळेच ऐकू येतात. "तारण" म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे सोने तारण ठेवून मिळणारे कर्ज येते. "पाप" म्हटले की त्याला चोरी, खून असे एखादे कृत्य आठवते, तर आपल्याला देवापासून दुरावलेल्या मनाची सबंध अवस्था सांगायची असते. "कोकऱ्याच्या रक्ताने धुतलेले" हे तर ऐकणाऱ्याला दचकवते. उलट "कृपा" हा शब्द संतांच्या वाणीतून त्याच्या ओळखीचा आहे, आणि मेंढरांसाठी रानोमाळ हिंडणारा मेंढपाळ समजायला त्याला पुण्याच्या वेशीवर उतरलेला धनगरांचा वाडा पुरतो. म्हणून "मला क्षमा मिळाली", "मी देवापासून लपत होते आणि तो मला शोधत आला" अशा साध्या वाक्यांत बोला. स्वतःची गोष्ट सांगून झाली, की येशूची गोष्ट सांगा: तो कोणाबरोबर जेवला, कोणाला स्पर्श केला, वधस्तंभावर का गेला आणि तिसऱ्या दिवशी काय झाले. शेवटी वधस्तंभ आणि पुनरुत्थान येथे पोहोचायचेच आहे. ते अवघड वाटते म्हणून गाळलेत, तर तुम्ही केवळ एका भल्या माणसाची ओळख करून दिलीत, असे होईल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण मी नेहमी देते. १८९३ मध्ये आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला, दोघांत काव्याविषयी आणि धर्माविषयी बोलणे झाले आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती सावकाश वाचली, डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंग आणि ओव्या रचल्या, कीर्तने केली, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. तो सहप्रवासी डब्यातल्या माणसाचे काव्य आस्थेने ऐकू शकला, हे मला या प्रसंगात सर्वांत मोलाचे वाटते.

दुसऱ्याच्या देवतांविषयी, संतांविषयी, पूजेविषयी एकही हलका शब्द तोंडून जाऊ देऊ नका, घरातल्या घरातही नको. पौलाला अथेनैमधल्या मूर्ती पाहून आतून फार त्रास झाला होता, तरीही अरीयपग या तिथल्या सभेत उभा राहून बोलताना तो त्या लोकांच्या धर्मनिष्ठेचा आदराने उल्लेख करतो आणि त्यांच्याच कवींच्या ओळींचा आधार घेतो. व्हॉट्सॲपवर वाद घालू नका.

कायदा आणि घर

राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याबरोबरच १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. मला ही मर्यादा जाचक वाटत नाही, कारण मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे असे आपण मुळातच मानतो. कायदे बदलत असतात, त्यामुळे सार्वजनिक सभा, पत्रके किंवा घरगुती मेळावा यांआधी त्या वेळचे नियम मंडळीच्या वकिलांकडून समजून घ्या. सोसायटीच्या सभागृहासाठी लेखी परवानगी घ्या.

ज्याला बाप्तिस्मा घ्यावासा वाटतो, त्याला त्याचे परिणाम आधी सांगणे हे आपले कर्तव्य आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला त्या प्रवर्गाच्या सवलती मिळत नाहीत, हे त्याला आपल्याकडून कळले पाहिजे. घराचाही विचार त्याने करावा. नारायण वामन टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले आणि त्या काळात त्यांनी काय सोसले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. आईवडिलांशी, पत्नीशी, पतीशी बोलल्याशिवाय घाईने पाऊल उचलू नकोस, असे सांगणारा मित्र त्याला आपल्यात मिळाला पाहिजे.

नकार आणि होकार

मार्काच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशूने त्याच्यावर प्रीती केली, असे तेथे लिहिले आहे, आणि तरी त्याने त्याला जाऊ दिले. तुमच्या मित्राने "हा विषय नको" असे म्हटले, तर तेथेच थांबा आणि पुढच्या आठवड्यातही पूर्वीसारखेच चहाला जा. त्याच्यासाठीची प्रार्थना चालू ठेवा. माझ्या एका शेजारीणबाईंनी मला फार पूर्वी असे सांगितले होते. त्या आजही त्यांच्या श्रद्धेने जगतात, माझ्या आजारपणात त्यांनी महिनाभर डबा दिला आणि आमची मैत्री मला फार प्रिय आहे.

कोणी आणखी जाणून घेऊ इच्छित असेल, तर त्याला मार्काचे शुभवर्तमान द्या आणि आठवड्यातून एकदा त्याच्या सोयीच्या ठिकाणी बसून एक एक अध्याय बरोबर वाचा. उत्तर ठाऊक नसेल तर, पाळकसाहेबांना विचारून सांगते, असे म्हणा. त्याने तुम्हाला सांगितलेली गोष्ट प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली मंडळीच्या गटावर कधीही टाकू नका. मी अशा एका संदेशामुळे दोन वर्षांचा विश्वास एका संध्याकाळी तुटलेला पाहिला आहे. सभेत प्रार्थना मागायचीच असेल, तर नाव न घेता मागा.

रविवारी उपासनेला यावे असे त्याला स्वतःला वाटले, की त्याला घरून बरोबर घेऊन या. पहिल्या बाकावर बसवू नका, मध्यावर कडेला बसवा आणि स्वतः शेजारी बसा. केव्हा उभे राहायचे, केव्हा बसायचे हे हळूच सांगा, गीतांच्या पुस्तकातले पान काढून द्या. दानाची थैली समोर आली तर काही टाकण्याची गरज नाही, आणि प्रभुभोजन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असल्यामुळे त्या वेळी जागेवर बसून राहण्यात संकोच वाटून घेऊ नये, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पाहुणा म्हणून त्याचे नाव पुकारले जाणार नाही, याची व्यवस्था पाळकसाहेबांशी बोलून करा. उपासना संपल्यावर आवारात त्याच्याभोवती घोळका जमू देऊ नका. त्याला बाहेर चहाला न्या, आणि कसे वाटले असे विचारण्याची घाई न करता, तो कशाविषयी बोलू लागतो ते ऐका.